ललिता पवारांचा डावा डोळा

१९८७ साल. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींत तेव्हा प्रत्येक घरी टीव्ही नव्हता. ज्यांच्याकडे होता, त्यांच्या खोलीत रविवारी सकाळी ‘रामायण’च्या वेळेला अख्खा मजला दाटीवाटीने बसे. पडद्यावर मंथरा आली, की बायका आपसांत कुजबुजू लागत. तिने अजून एक शब्दही उच्चारलेला नसे. पण उजव्यापेक्षा बारीक झालेला तो डावा डोळा तिचा कावा आधीच सांगून टाकी. लहान मुलांना तर तो मेकअपच वाटे.

तो मेकअप नव्हता, अभिनयही नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या ललिता पवार तो डोळा घेऊन साडेचार दशके कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या. चेहऱ्याचा अर्धा भाग अचानक लुळा पडणे आणि तो पुन्हा पूर्ववत न होणे, याचे महाराष्ट्राने सर्वात जास्त पाहिलेले उदाहरण म्हणजे हा चेहरा. असा लकवा झालेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो: माझे तोंड पहिल्यासारखे होईल का? ललिताबाईंना १९४२ साली या प्रश्नाचे उत्तर कोणीही देऊ शकत नव्हते. आज ते बऱ्याच अंशी देता येते.

ललिताबाईंचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्यात त्यांचा जन्म झाला. पैठणीच्या या गावात वडिलांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार होता आणि घरची परिस्थिती सुखवस्तू होती. शाळकरी वयातच अंबा चित्रपटात आली. तो मूकपटांचा काळ होता. नट-नट्यांना आवाज नव्हता. राग, लाज, भीती, कपट सारे चेहऱ्यानेच सांगायचे. भुवई किती उचलायची, ओठ किती मुडपायचा, डोळा कधी बारीक करायचा, याचे शिक्षण तिला बोलपट येण्यापूर्वीच मिळाले. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी विवाह झाला आणि अंबाची ललिता पवार झाली.

त्या नुसत्या नायिका नव्हत्या. १९३२ सालच्या ‘कैलास’ या मूकपटात त्यांनी काम केले आणि त्याच्या निर्मितीतही वाटा उचलला. १९३५ च्या ‘हिम्मत-ए-मर्दा’ने त्या देखण्या, धीट नायिका म्हणून गाजल्या. १९३८ मध्ये त्यांनी ‘दुनिया क्या है’ हा बोलपट स्वतः काढला. पंचविशीच्या आसपास असलेल्या या बाईला पुढची दहा-पंधरा वर्षे नायिकेची कामे मिळत राहतील, असेच कोणीही म्हटले असते.

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू होते. एका प्रसंगात नायिकेच्या थोबाडीत मारायची होती. मारणारे नट होते मास्टर भगवान, पुढे ‘अलबेला’मुळे देशभर माहीत झालेले भगवानदादा. अंगाने दणकट असलेल्या भगवान यांचा अंदाज चुकला आणि चपराक खरोखरच जोरात बसली. तो निव्वळ अपघात होता. पण ललिताबाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली आणि डाव्या डोळ्यालाही इजा झाली. उपचार सुमारे तीन वर्षे चालले. चेहरा पुष्कळसा सावरला, डावा डोळा मात्र कायमचा बारीक राहिला.

कानाजवळ बसलेल्या एका तडाख्याने अर्धा चेहरा कसा काय लुळा पडतो? याचे कारण चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वाटेत आहे. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी ही सातवी जोडी. प्रत्येक बाजूचा तंतू कानामागच्या हाडातून सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या बोगद्याने जातो. हा बोगदा वाकडातिकडा आहे आणि काही ठिकाणी त्याची रुंदी एक मिलिमीटरही नाही. कानाखाली हाडातून बाहेर पडल्यावर तो गालातल्या लाळग्रंथीत शिरतो आणि तेथे त्याला पाच मुख्य फाटे फुटतात. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, हसणे, फुंकर मारणे ही सारी कामे याच फाट्यांची. जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि डोळ्यातील पाणी यांचाही या तंतूशी संबंध आहे. शरीरात इतरत्र सूज आली तर तिला फुगायला जागा मिळते. हाडाच्या बोगद्यात ती मिळत नाही. तिथे तंतू सुजला, की तो स्वतःच चेपला जातो. मार लागल्याने हाड तडकले, तर तंतू दबतो किंवा तुटतोही.

चेहरा हलवणारा मज्जातंतू कोणता, हे वैद्यकाला नीट समजले ते स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक सर चार्ल्स बेल यांच्या कामातून. त्यापूर्वी चेहऱ्याची संवेदना आणि हालचाल यांच्या तंतूंची गल्लत होत असे. १८२१ मध्ये बेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध मांडला आणि चेहऱ्याच्या लकव्याला पुढे त्यांचेच नाव पडले. आज ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात तो, उघड कारण न सापडता अचानक होणारा प्रकार. बेल यांनी अभ्यासलेल्या रुग्णांत मात्र चेहऱ्याला जखम झालेलेही होते. बेल उत्तम चित्रकार होते. चेहऱ्यावरच्या भावांचे शरीरशास्त्र चित्रकारांना समजावे, म्हणून त्यांनी १८०६ मध्ये पुस्तक लिहिले होते. १८४२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी मुंबईच्या चित्रसृष्टीतील एका अभिनेत्रीचा तोच तंतू दुखावला, तेव्हा वैद्यकाला आजाराचे नाव माहीत होते आणि तंतूची वाटही माहीत होती. पण तो किती दुखावला आहे आणि किती भरून येईल, हे मोजण्याचे साधन नव्हते.

ते पहिले सूत्र पुढच्याच वर्षी हाती आले. दुसऱ्या महायुद्धात मज्जातंतूंना इजा झालेल्या रुग्णांवर काम करताना हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९४३ मध्ये अशा इजांच्या तीन पायऱ्या मांडल्या. चाळीतल्या विजेच्या वायरीवरून त्या सहज समजतात. पहिल्या पायरीत वायर दबलेली असते, त्यामुळे प्रवाह अडतो, पण आतली तार शाबूत असते. दाब गेला की काही आठवड्यांत दिवा लागतो, तोही पूर्ण प्रकाशाचा. दुसऱ्या पायरीत आतली तार तुटते, वरचे वेष्टण मात्र टिकते. तंतू त्या वेष्टणातून पुन्हा वाढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणून सुधारणा दिसायला महिने लागतात. तिसऱ्या पायरीत वेष्टणही तुटते. मग वाढणारे तंतू वाट चुकतात, काही पोचतच नाहीत, काही भलत्याच स्नायूला जाऊन मिळतात. वायरमनने जोडण्या चुकवल्या, की बाहेरच्या खोलीचे बटण दाबल्यावर स्वयंपाकघरातला दिवा लागतो, तसेच काहीसे होते. माणूस हसायला जातो आणि त्याचा डोळा मिटतो.

ललिताबाईंच्या डोळ्याचे कोडे इथे थोडे उलगडते. चेहऱ्याचा मज्जातंतू लुळा पडला, की त्या बाजूचा डोळा सुरुवातीला लहान होत नाही. उलट तो मिटता येत नाही, त्यामुळे उघडा आणि मोठा दिसतो. तंतू पुन्हा वाढताना वाट चुकले आणि डोळ्याभोवतीचा स्नायू सतत आवळलेला राहू लागला, तर काही महिन्यांनी तोच डोळा निरोगी डोळ्यापेक्षा बारीक दिसू लागतो. डोळ्यालाच झालेली इजाही ललिताबाईंच्या बाबतीत सांगितली जाते आणि केवळ पडद्यावर पाहून कुणाचे निदान करता येत नाही. पण लकव्यानंतर उशिराने, अर्धवट सावरलेल्या चेहऱ्यावर असा बारीक डोळा डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

मग सुरुवातीच्या दिवसांतच पुढचा अंदाज कसा बांधायचा? याचे सर्वात भरवशाचे उत्तर डेन्मार्कमधून आले. कोपनहेगनच्या डॉ. एरिक पाइटरसन यांनी सुमारे पंचवीस वर्षे चेहऱ्याच्या लकव्याच्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवली. त्यांतील १,७०१ जणांना बेल्स पाल्सी होती. रोग आपल्या वाटेने कसा जातो हे पाहायचे असल्याने त्यांना औषधे दिलेली नव्हती. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७१ टक्के रुग्णांचा चेहरा आपोआप पूर्ववत झाल्याचे दिसले. ज्यांच्या चेहऱ्यात थोडी तरी हालचाल उरली होती, अशा रुग्णांत हे प्रमाण ९४ टक्के होते. ज्यांची एक बाजू पूर्णच लुळी पडली होती, त्यांच्यात ते ६१ टक्के भरले.

या अभ्यासातून दुसरी खूण मिळाली ती वेळेची. ८५ टक्के रुग्णांत पहिली हालचाल तीन आठवड्यांच्या आत परतली. उरलेल्या १५ टक्क्यांना तीन ते पाच महिने थांबावे लागले. हालचाल जितकी लवकर परतते, तितकी पूर्ण बरे होण्याची शक्यता अधिक, कारण लवकर परतणे म्हणजे तार शाबूत असणे. भुवई किंचित उचलली गेली, ओठाचा कोपरा थरथरला, तरी ती मोठी बातमी असते. म्हणून रुग्णाने रोज आरशात पाहून धास्तावण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, त्याच उजेडात, त्याच चार हालचालींचा व्हिडिओ काढून ठेवणे डॉक्टरांच्या अधिक उपयोगी पडते. त्या चार हालचाली म्हणजे भुवया उचलणे, डोळे घट्ट मिटणे, दात दाखवणे आणि ओठांचा चंबू करणे. डॉक्टर याच हालचालींवरून लकव्याची श्रेणी ठरवतात. १९८५ पासून वापरात असलेल्या हाउस-ब्रॅकमन पद्धतीत पहिली श्रेणी म्हणजे निरोगी चेहरा आणि सहावी म्हणजे अजिबात हालचाल नाही.

एक बाजू पूर्ण लुळी असेल, तर विजेच्या चाचणीने अंदाज आणखी पक्का होतो. कानाजवळ त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देऊन दोन्ही बाजूंचे स्नायू किती प्रतिसाद देतात, हे मोजले जाते. ही चाचणी पहिल्याच दिवशी करून उपयोग नसतो. तंतू आत तुटला असला तरी त्याचा पुढचा भाग साधारण तीन दिवस प्रवाह वाहून नेतो, त्यामुळे निकाल खोटा दिलासा देऊ शकतो. म्हणून ती तिसऱ्या दिवसानंतर आणि दोन आठवड्यांच्या आत करतात. दुखऱ्या बाजूचा प्रतिसाद निरोगी बाजूच्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक घसरला असेल, तर पूर्ण बरे होण्याची आशा कमी धरली जाते.

कारणही महत्त्वाचे असते. कानात किंवा कानाजवळ नागिणीसारखे फोड आणि तीव्र वेदना असतील, तर तो वेगळा विषाणूजन्य प्रकार असतो आणि त्यात चेहरा पूर्ववत होण्याचे प्रमाण बेल्स पाल्सीपेक्षा कमी असते. उतारवय आणि मधुमेह यांनीही सुधारणा मंदावू शकते. मार लागून लकवा झाला असेल, तर डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात: तोंड मार बसताक्षणी वाकडे झाले, की काही तासांनी किंवा दिवसांनी? उशिराने आलेला लकवा बहुधा सुजेमुळे असतो आणि तो भरून येण्याची शक्यता चांगली असते. मारासरशी संपूर्ण बाजू गेली असेल, तर तंतू तुटल्याची शंका येते आणि कानामागच्या हाडाचा सीटी स्कॅन करावा लागतो.

यांपैकी काहीही ललिताबाईंच्या वाट्याला आले नाही. बेल्स पाल्सीवर आज दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तेव्हा अस्तित्वातच नव्हते. विजेची चाचणी यायला तीन दशके होती, सीटी स्कॅनलाही तितकीच. त्यामुळे आरसा आणि कॅलेंडर यांखेरीज त्यांना विचारायला कोणी नव्हते. नायिकेची कामे थांबली. तीन वर्षांच्या काळात नायिकेचे वय तर निघून जातेच.

पण त्या घरी बसून राहिल्या नाहीत. १९४४ मध्ये प्रभातच्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’चा ‘मा’ करणारी ही स्त्री मराठी प्रेक्षकांच्या चांगलीच लक्षात राहिली. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) त्यांनी रंगवलेल्या सासूने पुढच्या कितीतरी सासवांचा साचा घालून दिला. तरीही हा चेहरा फक्त खाष्टपणाचाच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘श्री ४२०’मधली (१९५५) केळी विकणारी मायाळू गंगामाई त्यांचीच. ‘अनाडी’मधल्या (१९५९) वरून कडक, आतून हळव्या मिसेस डिसा त्यांनीच उभ्या केल्या आणि त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. तोच बारीक डोळा एका चित्रपटात धाक घाली आणि दुसऱ्यात मिश्कील दिसे. १९६१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी आलेल्या ‘जंगली’मध्ये त्यांनी ज्या घरात हसायलाच बंदी आहे, अशा घराची करारी मालकीण साकारली. ज्या बाईला स्वतःच्या चेहऱ्याची हालचाल पुन्हा मिळवायला वर्षे लागली, तिच्या वाट्याला ही भूमिका यावी, हा योगायोगच.

मराठी-हिंदी मिळून त्यांनी सातशेहून अधिक चित्रपटांत काम केल्याचे सांगितले जाते. ‘रामायण’ने त्यांना नव्या पिढीच्या घरात पोचवले. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ललिताबाईंच्या चेहऱ्याला निमित्त झाली एक चपराक. बहुतेकांच्या बाबतीत असे निमित्त सापडत नाही. बेल्स पाल्सी दरवर्षी लाखामागे साधारण २० ते ३० जणांना होते. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांच्या हद्दीत मिळून ३० लाखांहून अधिक लोक राहतात. जगभराचा दर लावला, तर एवढ्या वस्तीत दरवर्षी निदान सहाशे ते नऊशे जणांचे तोंड एखाद्या सकाळी अचानक वाकडे होत असणार. चूळ भरताना पाणी एका बाजूने गळते, चहा ओठातून सांडतो, डोळा मिटत नाही. घरचे म्हणतात, लोकलच्या दारात उभे राहून गार वारे लागले असेल. वाऱ्याने असे होते, याला ठोस पुरावा नाही. शरीरात दडून बसलेला नागिणीच्या कुळातला एखादा विषाणू डोके वर काढतो आणि तंतू सुजतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

अशा वेळी आधी एक गोष्ट पाहावी. कपाळाला दोन्ही बाजूंनी आठ्या पडत असतील आणि फक्त तोंडाची खालची बाजू वाकडी असेल, किंवा जोडीला हात-पाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे असे काही असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. मग एक मिनिटही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. ही शंका नसेल आणि कपाळासह एक संपूर्ण बाजू गेली असेल, तरी शक्यतो त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा फिजिशियनला दाखवावे. डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे जवळ पडेल तिथून सुरुवात करता येते.

घाई कशासाठी, याचे उत्तर स्कॉटलंडमधल्या एका चाचणीत आहे. बेल्स पाल्सीच्या ५५१ रुग्णांवर झालेली ही चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी ९४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांनी पूर्ण बरे झाले होते. ते न घेतलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होते. शेक, तेल आणि शेजाऱ्यांचे सल्ले यांत पहिले तीन दिवस गेले, तर हा फायदा हातचा जातो. मात्र हे औषध मनाने घ्यायचे नाही. मधुमेह असलेल्यांची साखर त्याने वाढते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

तंतू सावरेपर्यंत डोळा जपणे हे घरचे काम. न मिटणारा डोळा कोरडा पडतो आणि बुबुळाला जखम होऊ शकते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री मलम लावून पापणी टेपने हलकेच मिटवणे आणि बाहेर जाताना चष्मा, एवढे पुष्कळ होते. तीन आठवडे उलटूनही काहीच हलले नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. तीन-चार महिन्यांनंतरही चेहरा तसाच असेल, तर तंतूवर एखादी गाठ दाब देत नाही ना, हे पाहायला एमआरआय करून घ्यावा लागतो. उशिरा सावरलेल्या चेहऱ्यात जोडण्या चुकल्या असतील, तर आता प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून आरशासमोरचे व्यायाम आणि गरज पडल्यास बोटॉक्सची इंजेक्शने यांनी आवळलेला डोळा बराच मोकळा करता येतो. १९४५ साली उपचार संपवून पुन्हा आरशासमोर बसलेल्या अभिनेत्रीला यातले काहीच मिळाले नव्हते.